मूनस्पेल कुठून ऐकायला सुरुवात करावी: ब्लॅक मेटलपासून गॉथिकपर्यंतची वाट

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडला आमच्याकडेच राहते. मैत्रिणीच्या टी-शर्टवर तिनं मूनस्पेल हे नाव वाचलं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर या बँडची १९९३ सालची डेमो, म्हणजे अल्बमच्या आधीचं नमुन्याचं रेकॉर्डिंग, फोनवर लावली. फोनच्याच स्पीकरवर. दीड मिनिटात बंद करून माझ्याकडे आली. "मावशी, लांब कुठेतरी गिरणी चालू आहे आणि आत कुणीतरी अडकलंय, असं वाटतंय. यात गाणं कुठंय?"

प्रश्न रास्त होता. ऐकायचा क्रम तेवढा चुकला होता. माझंही पहिल्यांदा काहीसं तसंच झालं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी मेटल, म्हणजे जड गिटारांचं रॉक संगीत, फारसं ऐकलेलं नाही, पण हा एक बँड नीट समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी.

मूनस्पेल पोर्तुगालचा. लिस्बनला लागून असलेल्या ब्रांदोआ या वस्तीतल्या पोरांनी १९८९ मध्ये मॉर्बिड गॉड नावानं सुरुवात केली आणि १९९२ मध्ये नाव बदललं. तेव्हा ते ब्लॅक मेटल वाजवत. चार वर्षांत ते युरोपातल्या गॉथिक मेटलचं मोठं नाव झाले. आजही त्यांच्याबद्दल बोलताना लोक 'त्यांनी ब्लॅक मेटल सोडलं' असं म्हणतात. वीसएक वर्षं ऐकल्यावर मला ते पटत नाही. त्यांनी गळा बदलला, लय बदलली, वाद्यं बदलली, पण मूळचा अंधार कधी टाकून दिला नाही. तो कुठे कुठे आहे हे ऐकू यायला लागलं की हा बँड समजला.

आधी थोडी तयारी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. या संगीताचा अर्धा जीव बेस गिटार आणि कीबोर्डमध्ये असतो. फोनचा स्पीकर बेस गिळून टाकतो, मग उरतात झांजा आणि किंचाळी. महागातलं काही लागत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कान पूर्ण झाकणारे, वायरवाले साधे हेडफोन मिळतात. घेण्याआधी दुकानातच आपल्या फोनला लावून, आपल्याला पाठ असलेलं एखादं गाणं वाजवून बघा. त्यातला बेस वेगळा ऐकू आला तर घ्या. आवाज सुरुवातीला निम्म्यावर ठेवा, कान दमला की काहीच ऐकू येत नाही.

एक वहीही ठेवा. प्रत्येक अल्बमसमोर चारच गोष्टी लिहायच्या: गळा कसा आहे, लय किती, कीबोर्ड मागे आहे की पुढे, आणि भाषा कोणती. याचा उपयोग पुढे कळेल.

दोन शब्द समजून घ्या

ब्लॅक मेटल हे नाव इंग्लंडच्या व्हेनम बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आलं. आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो ते रूप नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेच्या बँडनी दिलं. गिटारवर एकच सूर इतक्या वेगानं छेडायचा की सुटे ठोके विरघळून सलग भिंत उभी राहावी, याला ट्रेमोलो म्हणतात. ड्रमवर तसाच वेगवान, अखंड मारा, तो ब्लास्ट बीट. गळ्यातून किंचाळी. आणि रेकॉर्डिंग मुद्दाम कच्चं ठेवलेलं, जणू तळघरातून येणारं. भाचीला ऐकू आलेली गिरणी ती हीच.

गॉथिकचं मूळ मेटलमध्ये नाही. इंग्लंडच्या बाउहाउस बँडचं पहिलं गाणं १९७९ चं, पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी आले. खर्जातला पुरुषी आवाज, पुढे येणारा बेस, संथ चाल आणि विषय विरहाचे, मरणाचे, चांदण्याचे. १९९१ मध्ये पॅराडाइज लॉस्ट या बँडनं 'गॉथिक' नावाचा अल्बम काढून ही हवा जड गिटारांत आणली. मूनस्पेल तयार होत होते ते नेमके याच काळात, म्हणजे दोन्ही प्रवाह त्यांच्या अंगणातून एकदमच वाहत होते.

घरचे विचारतील म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. नॉर्वेत १९९२ पासून चर्च जाळली गेली, १९९३ मध्ये खूनही झाला. ते खरं आहे आणि भयंकर आहे. मूनस्पेलची माणसं त्या टोळक्यातली नव्हती. गायक फर्नांदो रिबेरो लिस्बनला तत्त्वज्ञान शिकलेला, आणि त्याच्या गाण्यांत सैतान येतो तो बहुतेक पुस्तकांतून आलेला.

सुरुवात १९९६ पासून

पहिला अल्बम लावायचा तो 'इर्रिलिजस', त्यांचा दुसरा. यात दोन्ही काठ दिसतात, म्हणून इथून पाण्यात उतरणं सोपं.

सरळ 'ओपियम' लावा. तीन मिनिटांच्या आतलं गाणं आहे. गिटारची सुरावट अशी की दुसऱ्यांदा ऐकताना ती गुणगुणता येते, आणि ब्लॅक मेटलमधून आलेल्या बँडसाठी ही मोठी गोष्ट होती. रिबेरो इथे दोन गळ्यांनी गातो: एक खर्जातला, जवळजवळ कानाशी बोलणारा, आणि दुसरा गुरगुरणारा. पहिल्या ऐकण्यात फक्त एवढंच बघा की एका गळ्यातून तो दुसऱ्या गळ्यात कधी जातो. शब्दांकडे लक्ष नको. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. शेवटी पोर्तुगीजमधल्या ओळी येतात, त्या फर्नांदो पेसोआ या पोर्तुगालच्या थोर कवीच्या, त्यानं आल्वारो द काम्पोस या नावानं लिहिलेल्या अफूवरच्या कवितेतल्या. विशीतली पोरं आपल्या भाषेतला कवी मेटलच्या गाण्यात आणून बसवतात, ते मला अजूनही फार आवडतं.

मग 'रेव्हन क्लॉज' ऐका, त्यात बिर्गिट त्साखर या गायिकेचा आवाज आहे. आणि शेवटचं 'फुल मून मॅडनेस'. ते संथ, जड आहे, आणि बँडचे कार्यक्रम कित्येक वर्षं या गाण्यानं संपत आले आहेत. हे मात्र रात्रीच ऐका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत साडेदहानंतर रस्ते शांत होतात, गच्चीवर शाल घेऊन बसता येतं. तेवढा थंडावा या गाण्याला लागतोच.

इर्रिलिजस निदान आठवडाभर तरी ऐका. पुढे जायची घाई करू नका.

मग एक पाऊल मागे: 'वुल्फहार्ट'

माझ्या हातात हा बँड आला तो २००३ मध्ये. एका मित्रानं टिळक रस्त्यावरच्या कॅफेत सीडी राइट करून दिली, वर काळ्या मार्करनं 'वुल्फ' एवढंच लिहिलेलं. आत १९९५ चा 'वुल्फहार्ट' होता. पहिल्या गाण्याला मी गोंधळले, मधल्या एका छोट्या तुकड्यापाशी थांबले आणि तिथून पुढे कधीच बाहेर आले नाही.

तो तुकडा 'लुआ दिव्हेर्नो', म्हणजे हिवाळ्यातला चंद्र. दोन मिनिटांहून लहान. शब्द नाहीत, आरडाओरडा नाही, साध्या गिटारची शांत सुरावट फक्त. त्याच्या आगेमागे लांडगे, व्हॅम्पायर, गुरगुर आणि वेग सगळं आहे. ब्लॅक मेटलच्या अल्बमच्या पोटात इतकी शांत जागा कुणी ठेवावी, याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटतं, पुढचा सगळा प्रवास त्या दोन मिनिटांत लिहून ठेवलेला होता.

वुल्फहार्टमध्ये तीन गोष्टी शोधा. पहिली, वेगाचे तुकडे. ट्रेमोलो आणि दोन्ही पायांनी वाजणाऱ्या डबल बेस ड्रमचा मारा अजून आहे, पण तो आता सबंध गाणं व्यापत नाही, आवेगासारखा येतो आणि ओसरतो. दुसरी, 'व्हॅम्पिरिया'. इथे रिबेरो गाण्यापेक्षा नाटकातल्या पात्रासारखा बोलतो जास्त. ज्यांनी भरत नाट्य मंदिरात एकांकिका पाहिल्या आहेत त्यांना हा आवाजाचा अभिनय चटकन कळेल. तिसरी, 'त्रेबारुना' आणि 'अल्मा मातेर'. त्रेबारुना ही रोमनांच्या आधीच्या, लुसितानियन लोकांची देवी. नॉर्वेचे बँड आपल्या जुन्या देवांकडे वळले होते. ओडिन उसना न आणता हे लोक आपल्याच मातीतल्या विसरलेल्या देवीकडे गेले. 'अल्मा मातेर'मध्ये इंग्रजीच्या मध्येच पोर्तुगीज ओळी येतात, त्या वहीत भाषेच्या रकान्यात लिहा.

हे दोन्ही अल्बम जर्मनीत हागेन गावच्या वूडहाउस स्टुडिओत वाल्देमार सोरिख्ता या निर्मात्याकडे झाले. टायमॅट, समाएल, द गॅदरिंग या बँडच्याही त्या काळातल्या अल्बममागे हाच माणूस. जड गिटारांमध्ये कीबोर्डला श्वास घ्यायला जागा कशी ठेवायची, हे त्याला उत्तम कळत होतं. कीबोर्डवाला पेद्रो पायशाव पहिल्या अल्बमपासून बँडमध्ये महत्त्वाचा होताच. सोरिख्तानं त्याला उजेडात आणलं.

आता तळाशी जा

आता १९९४ चा 'अंडर द मूनस्पेल' हा छोटा अल्बम लावा. तो फ्रान्सच्या आदिपोसेर या लहान कंपनीनं काढला होता. तेव्हा सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली, रिबेरोचं नाव लांगसुयार, मलय लोककथांमधल्या व्हॅम्पायर-स्त्रीचं. रेकॉर्डिंग कच्चं आहे. पण आता तुमचा कान तयार झालेला असेल, आणि त्या कच्चेपणातून अरबी वळणाचे सूर वर येताना ऐकू येतील. नॉर्वेच्या बर्फात हे सूर नव्हते. पोर्तुगालवर कित्येक शतकं मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान लोकांचं राज्य होतं, ते या पोरांच्या संगीतात झिरपलेलं आहे.

कच्चं रेकॉर्डिंग अगदीच सोसत नसेल तर २००७ चा 'अंडर सॅतानाए' घ्या. त्यात याच सुरुवातीच्या रचना त्यांनी नव्यानं वाजवल्या आहेत. इथे एक करून बघा: एकच गाणं आधी १९९४ चं, मग २००७ चं, असं लागोपाठ ऐका. नव्यात सगळी वाद्यं सुटी, स्वच्छ ऐकू येतात. जुन्यात विशीतल्या पोरांची आग ऐकू येते. मला दोन्ही लागतात. जुनं जास्त लागतं.

भाचीनं या टप्प्यावर १९९३ ची डेमो पुन्हा लावली. तीच, जी तिनं दीड मिनिटात बंद केली होती. पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "आत अडकलेला माणूस आता ओळखीचा झालाय."

१९९८: इथे बहुतेक लोक थांबतात

'सिन/पेकादो' लावल्यावर धक्का बसतो. गुरगुर जवळजवळ गेलेली, गिटार मागे, कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक आवाज पुढे. त्या वेळच्या चाहत्यांपैकी कित्येकांनी इथे पाठ फिरवली.

इथे एक गोष्ट ठाऊक हवी, ती कळली की चित्र पालटतं. त्याच १९९८ मध्ये बँडमधल्याच मंडळींनी डीमोनार्क या वेगळ्या नावानं 'हर्मेटिकम' हा अल्बम काढला, आणि तो ब्लॅक मेटल आहे. रिबेरोनं लहान वयात लिहिलेल्या शब्दांवर बांधलेला. एकाच वर्षी, त्याच माणसांनी, आपलं सगळ्यात मऊ आणि सगळ्यात जहाल काम शेजारी शेजारी ठेवलं. म्हणून 'सोडलं' हा शब्द मला पटत नाही. मनात दोन्ही खोल्या होत्या, एका खोलीत दिवा लावला म्हणून दुसरी पडली नाही. दोन्ही अल्बम एकाच संध्याकाळी ऐका, आधी हर्मेटिकम.

सवाई गंधर्वच्या मांडवात ज्यांनी एकाच गायकाला पंधरा-वीस वर्षं ऐकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तानेचा वेग कमी होतो, आवाज जडावतो आणि कधीतरी लक्षात येतं की आलापीत आधी नसलेली खोली आली आहे. मेटल ऐकणारी तरुण मुलं मात्र वेग कमी झाला की फसवल्यासारखी रागावतात. २०१९ मध्ये ओपेथ हा स्वीडनचा बँड पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवाला आला होता. त्यांनीही २०११ च्या अल्बमपासून गुरगुर सोडून साधं गाणं धरलं होतं, ते २०२४ पर्यंत. माझ्या शेजारी उभी असलेली दोन मुलं त्यावरून तावातावानं भांडत होती, आणि जुनं गाणं सुरू झाल्यावर दोघंही एकदम गप्प झाली.

१९९९ चा 'द बटरफ्लाय इफेक्ट' यांत्रिक आणि कोरडा आहे. एकदा ऐकून पुढे जायला हरकत नाही.

परतीची वाट

२००१ चा 'डार्कनेस अँड होप' आणि २००३ चा 'दि अँटिडोट' हे फिनलंडच्या हीली हीलेस्मा या निर्मात्यासोबत केलेले. पहिला सरळ गॉथिक, उदास आणि सुरेल, 'नॉक्टर्ना' पासून सुरुवात करा. दुसऱ्यात वजन परत येतं. अँटिडोटसोबत झुझे लुईश पेशोतु या पोर्तुगीज लेखकानं त्याच विषयावर पुस्तक लिहिलं. गाण्यांनी आणि पुस्तकानं एकमेकांचा हात धरलाय, असं काम विरळा.

२००६ च्या 'मेमोरियल'ला सोरिख्ता पुन्हा आला आणि त्याच्याबरोबर ब्लॅक मेटलचा मारा. २००८ च्या 'नाइट इटर्नल'मध्ये तो आणखी घट्ट झाला, पण त्याच अल्बममध्ये 'स्कॉर्पियन फ्लॉवर' हे अनेके व्हान गीर्सबर्गेनबरोबरचं हळवं युगुलगीतही आहे. वही काढा आणि हे दोन अल्बम वुल्फहार्टच्या ओळीशी ताडून बघा. गळ्याचे दोन्ही रंग परत आलेले दिसतील, फक्त आता ते एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत.

२०१२ मध्ये तर त्यांनी दोन खोल्यांना उघडच दोन दारं लावली: 'अल्फा नॉयर' जहाल आणि 'ओमेगा व्हाइट' गॉथिक, एकाच वेळी काढलेले दोन जोडअल्बम. नव्या माणसाला फरक समजावायला याहून सोपं साधन माझ्याकडे नाही. २०१५ चा 'एक्स्टिंक्ट' सुरेल आहे आणि मला तो आवडतो, पण सध्या मागे ठेवला तरी चालेल.

२०१७: '१७५५'

इथे थांबा. या अल्बमला वेळ द्या.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस. सकाळी लिस्बनची माणसं चर्चमध्ये होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंप झाला, चर्च लोकांच्या डोक्यावर कोसळली. जे नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले त्यांच्यावर समुद्राचं पाणी चालून आलं. उरलेलं शहर आगीत गेलं. आपल्याकडे तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द चालू होती. सणाच्या दिवशी, प्रार्थना चालू असताना देवानं हे का होऊ दिलं, हा प्रश्न युरोपनं पुढे कित्येक वर्षं विचारला. ब्लॅक मेटलमधली पोरं विशीत देवाला शिव्या घालत होती. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांना आपल्या शहराच्या इतिहासात त्या शिवीमागचा खरा प्रश्न सापडला. म्हणून मी याला त्यांचं सगळ्यात मोठं काम मानते.

अल्बम पूर्ण पोर्तुगीजमध्ये आहे. घाबरू नका. पाव, बटाटा, चावी, बादली, परात, बिजागरी, हापूस हे शब्द आपण रोज वापरतो ते पोर्तुगीजमधूनच आलेले. भीमाशंकरला देवळापाशी टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. भाषा अगदीच परकी नाही. तरीही शब्दांचं भाषांतर समोर ठेवाच.

सुरुवातीचं 'एम नोमे दो मेदो', म्हणजे भीतीच्या नावानं, हे गाणं आधी २०१२ च्या अल्फा नॉयरमध्ये आलेलं. तिथे ते गिटारांवर आहे, इथे वाद्यवृंद आणि समूहस्वरांवर. दोन्ही लागोपाठ ऐका. मग 'इन ट्रेमोर देई' घ्या, त्यात पाउलो ब्रागांसा हा फादो गायक येतो. फादो म्हणजे लिस्बनच्या गल्ल्यांमधलं, हुरहुर लावणारं गाणं. रिबेरोच्या गुरगुरीला तो आवाज भेटतो तेव्हा शहर आपल्याच ढिगाऱ्यावर उभं राहून गातंय, असं वाटतं.

माझ्या आजीनं पानशेतचं पाणी पाहिलेलं. १२ जुलै १९६१. ती नारायण पेठेत राहायची, वाड्याचा पहिला मजला बुडाला होता. ती कधी मोठ्यानं सांगायची नाही, भांडी घासताना मध्येच एखादं वाक्य यायचं: "दाराची कडी वाजत होती, पण बाहेर माणूस नव्हतं, पाणी होतं." १७५५ ऐकताना मला नेहमी ते वाक्य आठवतं. तुमच्या घरात कुणी पानशेत पाहिलेलं असेल तर आधी त्यांना विचारा, मग हा अल्बम ऐका.

पुढे

२०२१ चा 'हर्मिटेज' हा सगळ्यात शांत. जुना ड्रमर माइक गास्पर २०२० मध्ये बँड सोडून गेला होता, ढोल नव्या माणसाकडे होते. वेग कमी, मोकळी जागा जास्त. हा ऐकून झाला की वहीतली पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवा आणि 'लुआ दिव्हेर्नो' पुन्हा एकदा लावा.

मग याच वाटेवरचे दुसरे प्रवासी घ्या. टायमॅटचा पहिला अल्बम १९९० चा 'सुमेरियन क्राय', आणि चार वर्षांनी 'वाइल्डहनी'. समाएलचा १९९४ चा 'सेरेमनी ऑफ ऑपोझिट्स' आणि १९९६ चा 'पॅसेज'. पद्धत तीच: आधी नंतरचा, मग मागचा. भाची सध्या वाइल्डहनीवर आहे. वही तिच्याकडे आहे आणि तिनं त्यात पाचवा रकाना वाढवलाय: पावसाचा आवाज.